पायथॉनच्या लिस्टमधून इंडेक्सनं घटक काढणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात संध्याकाळी पायथॉन शिकायला येणारी मुलं, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हिशेबाच्या फायली एक्सेलमधून बाहेर काढू बघणारे लोक आणि परीक्षेच्या आदल्या रात्री फोन करणारे डिप्लोमाचे विद्यार्थी, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून ते इथं एकत्र केले आहेत. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही लांबली आहेत. जिथं पोरं हमखास अडकतात तिथं मी मुद्दाम जास्त वेळ थांबलो आहे.

एक सूचना आधीच. या पानावर कोडसुद्धा देवनागरीत छापला आहे, आकडेही मराठीत आहेत. थांबे, साठा, भाव अशी व्हेरिएबलची नावं पायथॉन ३ मध्ये खरोखर मराठीत चालतात. पण प्रिंट, लेन, फॉर, इन असे भाषेचे स्वतःचे शब्द आणि कंसातले आकडे की-बोर्डवर इंग्रजीतच टाइप करायचे. का, ते पुढं येईलच.

बहुतेक उदाहरणांसाठी ही एकच लिस्ट वापरली आहे:

थांबे = ["सातारा", "नागठाणे", "उंब्रज", "कराड", "पेठ नाका", "इस्लामपूर", "आष्टा", "सांगली"]

प्रत्येक गाडी या सगळ्या ठिकाणी थांबतेच असं नाही, पण रस्त्यातला क्रम हाच आहे.

पहिला घटक काढायला १ न लिहिता ० का लिहायचा?

कारण इंडेक्स म्हणजे "कितवा" नव्हे, "सुरुवातीपासून किती पुढं". साताऱ्याच्या स्टँडवर गाडीत बसलात, गाडी अजून हललेली नाही. किती थांबे मागं पडले? शून्य. कराडला पोचलात तेव्हा सातारा, नागठाणे, उंब्रज असे तीन मागं पडले. म्हणून:

थांबे[०] → "सातारा"
थांबे[३] → "कराड"

"कराड चौथं गाव आहे ना सर?" असं कुणीतरी विचारतंच. आहे. मोजायला बसलात तर चौथं. पण कंसात आपण मोजणी लिहीत नाही, अंतर लिहितो. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की या पानावरची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच काढता येतील.

पण हे ठरवलं कुणी? उगाच त्रास नाही का?

त्यामागं मशीनचं एक कारण आहे आणि गणिताचं एक.

मशीनचं आधी. पायथॉनची लिस्ट मेमरीत एका सलग पट्ट्यात असते. त्या पट्ट्यात गावांची नावं नसतात, नावं कुठं ठेवली आहेत त्याचे पत्ते असतात. आजच्या ६४ बिटच्या कॉम्प्युटरवर असा एक पत्ता ८ बाइटचा. तेव्हा थांबे[३] म्हटलं की पट्टा जिथं सुरू होतो तिथून ३ गुणिले ८, म्हणजे २४ बाइट पुढं जायचं आणि तिथला पत्ता उचलायचा. पहिल्या घटकासाठी ० गुणिले ८, म्हणजे कुठंच जायचं नाही. १ पासून सुरुवात केली असती तर दर वेळी आधी एक वजा करावा लागला असता. सी भाषेत हे अगदी उघड दिसतं. पायथॉनचा नेहमी वापरला जाणारा इंटरप्रिटर, म्हणजे आपला कोड वाचून चालवणारा प्रोग्राम, सी मध्येच लिहिलेला आहे.

गणिताचं कारण डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी ११ ऑगस्ट १९८२ च्या एका हस्तलिखित टिपणात मांडलं. सलग संख्यांची रांग सांगायची तर खालची हद्द धरावी आणि वरची सोडावी, हे सर्वांत सोयीचं, असं त्यांचं म्हणणं. तसं केलं की दोन हद्दींची वजाबाकी म्हणजेच रांगेची लांबी. मग ८ घटकांसाठी "१ ते ९ च्या आत" लिहिण्यापेक्षा "० ते ८ च्या आत" लिहिणं साफ. पायथॉनचे कर्ते गीडो व्हान रॉसम आधी अ‍ॅमस्टरडॅममध्ये एबीसी नावाच्या भाषेवर काम करत होते. तिथली मोजणी १ पासून होती. १९९१ मध्ये पायथॉन बाहेर आला तो ० घेऊनच, आणि त्यात या अर्धवट उघड्या रांगांच्या सोयीचा मोठा वाटा होता.

तेव्हा त्रास आहे हे खरं, पण उगाच नाही.

शेवटचा घटक कसा काढायचा? लिस्ट किती लांब आहे ते माहीत नसेल तर?

थांबे[-१] → "सांगली"
थांबे[-२] → "आष्टा"

उणे इंडेक्स दिसला की पायथॉन त्यात लिस्टची लांबी मिळवतो. आपली लिस्ट ८ ची. ८ मधून १ गेला, ७. आणि थांबे[७] म्हणजे सांगली. थांबे[-८] म्हणजे पुन्हा सातारा. थांबे[-९] लिहिलंत तर एरर.

"मग शेवटून मोजताना ० पासून का नाही?" असा प्रश्न हुशार मुलं विचारतात. उणे शून्य म्हणजे शून्यच, ते आधीच साताऱ्याला दिलेलं आहे.

लिस्ट रिकामी असेल तर -१ सुद्धा एरर देतो. फाइल वाचून आलेल्या लिस्टचा शेवटचा घटक काढण्याआधी "इफ थांबे:" एवढं तपासा. रिकामी लिस्ट तिथंच अडते.

"लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज" म्हणजे नेमकं काय?

लिस्टच्या बाहेरचं घर मागितलंत. दहापैकी नऊ वेळा कारण एकच असतं: थांबे[लेन(थांबे)]. लांबी ८, पण शेवटचा इंडेक्स ७. ८ इंडेक्सचं घरच नाही.

बाकीच्या वेळी कारण डेटात असतं. फाइलच्या शेवटी एक रिकामी ओळ राहून गेलेली असते, तिचे तुकडे केले की एकच तुकडा पडतो आणि तुम्ही तिसरा मागता. एरर आलेल्या ओळीच्या वर प्रिंट(लेन(ओळ), ओळ) टाकून बघा. एररचा अर्थ नेटवर शोधत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

आणि हा एरर आला म्हणून वैतागू नका. तो ओरडून चूक दाखवतो. न ओरडणाऱ्या चुका पुढच्या प्रश्नात आहेत.

एरर येत नाही, पण उत्तर चुकीचं येतं. इंडेक्सचा दोष असू शकतो का?

असू शकतो, आणि बहुतेक वेळा तो उणे इंडेक्सचाच असतो. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

पावसाळ्यात आमच्याकडं कोयनेचा साठा हा रोजचा विषय. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, आज किती भरलं, कालपेक्षा किती वाढलं. समजा चार दिवसांचे आकडे आहेत, उदाहरणापुरते:

साठा = [६१, ६४, ६९, ७५]

फॉर क्र इन रेंज(लेन(साठा)):
    प्रिंट(साठा[क्र] - साठा[क्र - १])

रोजची वाढ हवी, म्हणून आजच्यातून कालचं वजा केलं. सरळ वाटतं. पण पहिल्या फेरीत क्र आहे ०, म्हणजे क्र - १ झाला -१, आणि -१ म्हणजे शेवटचा दिवस! ६१ वजा ७५, उत्तर -१४. भर पावसाळ्यात पहिल्याच दिवशी धरणातलं १४ टीएमसी पाणी गायब. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, प्रोग्राम आनंदात पुढं जातो. चार आकडे असतील तर डोळ्याला दिसतं. चार महिन्यांची फाइल असेल आणि तुम्ही सगळे आकडे डोळ्यांखालून घालत नसाल तर कुणाला कळणारही नाही.

उपाय सोपा: रेंज(१, लेन(साठा)) असं १ पासून सुरू करा. पहिल्या दिवसाला "काल" नाहीच, तर त्याची वाढ काढायचीच नाही.

दुसरी जागा म्हणजे मजकुरात शोधणारं फाइंड. सापडलं नाही तर ते -१ देतं. समजा "कराड:४३" अशा ओळी आहेत आणि दोन टिंबांच्या अपूर्णविरामाआधीचं नाव काढायचं आहे:

नाव = ओळ[:ओळ.फाइंड(":")]

ज्या ओळीत चिन्ह आहे तिथं बरोबर "कराड" मिळतं. पण एखाद्या ओळीत कुणी आकडाच लिहिला नसेल, नुसतं "कराड" असेल, तर फाइंड -१ देतं, ओळ[:-१] होतं आणि शेवटचं अक्षर गळून हातात पडतं "करा". त्यापेक्षा ओळ.स्प्लिट(":")[०] वापरा. चिन्ह नसेल तर अख्खं नाव मिळतं. किंवा फाइंडच्या जागी इंडेक्स नावाची मेथड वापरा. ती सापडलं नाही की व्हॅल्यूएरर देऊन थांबते. माझं मत विचाराल तर थांबणारा प्रोग्राम केव्हाही बरा.

थांबे[२:५] मध्ये ५ इंडेक्सचा घटक का येत नाही?

थांबे[२:५] → ["उंब्रज", "कराड", "पेठ नाका"]

लिस्टचा असा कापून घेतलेला तुकडा म्हणजे स्लाइस. खालची हद्द धरायची, वरची सोडायची, हा तोच डायक्स्ट्रांचा नियम. ५ वजा २, तीन घटक. बोटं मोजावी लागत नाहीत.

आकडे घटकांना न चिकटवता घटकांच्या मधल्या फटींना चिकटवले तर अजून सोपं जातं. साताऱ्याच्या आधीची फट ०, सातारा आणि नागठाणे यांच्यामधली १, असं शेवटी सांगलीच्या पलीकडची ८. मग [२:५] म्हणजे दुसऱ्या फटीत एक काप, पाचव्या फटीत दुसरा काप आणि मधलं उचलायचं.

याचा एक फायदा असा की थांबे[:३] आणि थांबे[३:] जोडले की मूळ लिस्ट जशीच्या तशी मिळते. कुठला घटक दोनदा येत नाही, कुठला गळत नाही. १०० ओळींची फाइल २५-२५ च्या गठ्ठ्यांत कापायची असेल तेव्हा याची किंमत कळते.

स्लाइस हद्दीबाहेर गेला तरी एरर का येत नाही?

थांबे[५:५०] लिहिलंत तर इस्लामपूर, आष्टा, सांगली मिळतात आणि काम संपतं. थांबे[२०:३०] ला रिकामी लिस्ट. एकटा इंडेक्स एक ठरावीक वस्तू मागतो, ती नसेल तर पायथॉन काय देणार? स्लाइस मात्र "या पट्ट्यात जे असेल ते" असं मागतो. काही नसलं तरी "काही नाही" हे उत्तर होऊ शकतं. सोयीचं आहे, पण वर सांगितलेली न ओरडणारी जात इथंही आहे, हे ध्यानात ठेवा.

एक सोडून एक, किंवा उलट्या क्रमानं कसं काढायचं?

थांबे[::२] → सातारा, उंब्रज, पेठ नाका, आष्टा
थांबे[::-१] → सांगलीपासून साताऱ्यापर्यंत
थांबे[७:३:-१] → सांगली, आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका

तिसरा आकडा म्हणजे ढांग किती टाकायची. उलटं जातानाही दुसरी हद्द सोडलेलीच असते, म्हणून कराड आलेलं नाही. नुसती फेरी उलटी मारायची असेल तर रिव्हर्स्ड(थांबे) वापरा, नवी लिस्ट बनत नाही.

मी इंडेक्स मराठी आकड्यात टाइप केला तर सिंटॅक्स एरर येतो. पण नाव मराठीत चालतं. असं का?

नावांना पायथॉन ३ नं जवळपास सगळ्या लिप्या मोकळ्या केल्या. पण कोडमध्ये लिहिलेली संख्या ० ते ९ या इंग्रजी आकड्यांतच हवी, हा नियम तसाच राहिला. म्हणून की-बोर्ड मराठीवर राहून गेला की कंसातल्या आकड्यापाशी गाडी अडते.

गंमत अशी की मजकुरातून संख्या करताना पायथॉनला मराठी आकडे समजतात. वापरणाऱ्यानं "३" असं मराठीत टाइप केलं तरी इंट("३") बरोबर तीन देतं आणि तो तीन इंडेक्स म्हणून चालतो. म्हणजे ग्रामपंचायतीत बसून मराठी आकड्यांतच नोंदी करणाऱ्यांची फाइल तुम्ही थेट वाचू शकता, आकडे बदलून घ्यायची गरज नाही. हे शिकवणीत सांगितलं की निम्म्या वर्गाला खोटं वाटतं. करून बघा.

अजून दोन भानगडी. वर्डमधून किंवा फोनवरून कोड चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वाकडी येतात, ती चालत नाहीत. आणि मराठी नावांच्या आत कधी कधी अक्षरं जोडणारं एक न दिसणारं चिन्ह दडलेलं असतं. नाव बरोबर दिसतं, एरर मात्र येतो. ते नाव पुसून पुन्हा टाइप करणं हाच उपाय.

इंडेक्स इनपुटमधून घेतला तर टाइपएरर का येतो?

इनपुट नेहमी मजकूर देतं. वापरणाऱ्यानं ३ दाबला तरी तुमच्या हातात "३" हे अक्षर येतं, आणि लिस्टला पूर्णांकच लागतो. इंट() मधून काढून घ्या.

याच जातीचा दुसरा एरर भागाकारातून येतो. मधला थांबा हवा म्हणून थांबे[लेन(थांबे) / २] लिहिलं की टाइपएरर, कारण ८ भागिले २ म्हणजे पायथॉन ३ मध्ये ४.० असा दशांश. दोन तिरप्या रेघांचा भागाकार वापरा, लेन(थांबे) // २, मग ४ मिळतो आणि पेठ नाका येतो. जुन्या पुस्तकांत एकाच रेघेनं काम झालेलं दिसेल. ती पायथॉन २ ची पुस्तकं आहेत. त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली. झेरॉक्स काढून फिरणाऱ्या नोट्समध्ये मात्र ती अजून ठणठणीत आहे.

एखाद्या गावाचा इंडेक्स उलट शोधायचा असेल तर?

थांबे.इंडेक्स("कराड") → ३

एकच नाव दोनदा असेल तर पहिलाच मिळतो. नाव नसेल तर व्हॅल्यूएरर. आणि हे काम सुरुवातीपासून एकेक घटक बघत जातं, म्हणून मोठ्या लिस्टमध्ये वारंवार केलं तर प्रोग्राम रखडतो. इंडेक्स देऊन घटक काढणं मात्र लिस्ट आठाची असो की आठ लाखांची, तेवढ्याच वेळात होतं. सलग पट्ट्याचा तो फायदा.

फॉर लूपमध्ये इंडेक्स आणि घटक दोन्ही हवेत. रेंज(लेन()) लिहू का?

चालतं, पण एन्युमरेट नीटस आहे:

फॉर क्र, गाव इन एन्युमरेट(थांबे, १):
    प्रिंट(क्र, गाव)

तो १ दिल्यामुळं छापताना "१ सातारा, २ नागठाणे" असं माणसांना वाचता येईल तसं दिसतं. लक्षात ठेवा, त्यानं फक्त मोजणी बदलते, लिस्टचे इंडेक्स ० पासूनच राहतात. हा क्र पुन्हा थांबे[क्र] मध्ये घातलात तर एक घर पुढचं मिळेल.

इंडेक्स लागतच नसेल तर तो आणूच नका. फॉर गाव इन थांबे: एवढं पुरतं. सी शिकून आलेली मुलं सवयीनं इंडेक्स ओढून आणतात आणि मग त्याच्याशी झुंजत बसतात.

"सातारा"[१] केलं तर "ता" येत नाही, नुसता काना येतो. पायथॉनला मराठी येत नाही का?

येतं, पण त्याच्या हिशेबानं. स्ट्रिंगलाही लिस्टसारखाच इंडेक्स चालतो, फक्त तिचा एक घटक म्हणजे युनिकोडचा एक कोड, आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे. "सातारा" आत असा असतो: स, काना, त, काना, र, काना. म्हणून लेन("सातारा") सहा येतं. "सांगली" मध्ये स, काना, अनुस्वार, ग, ल, दीर्घ वेलांटी, तेही सहा. "कराड" चार. "महाबळेश्वर" मध्ये पाय मोडायचं चिन्हसुद्धा वेगळं मोजलं जातं, म्हणून दहा.

परिणाम काय होतात बघा. नाव उलटं करायला "सातारा"[::-१] केलं तर "ारातास" असं काहीतरी दिसतं, सुरुवातीला आधार नसलेला काना लोंबकळत. नावाची पहिली तीन अक्षरं घ्यायला "महाबळेश्वर"[:३] केलं तर "महा" एवढंच येतं. पाससाठी किंवा पावतीसाठी नाव दहा अक्षरांवर छाटणारा प्रोग्राम इंग्रजी नावांवर तपासून दिला की मराठी नावांची वेलांटी, अनुस्वार कापले जातात ते यामुळंच. "पालिक" असं छापलेलं बघून माणसाला वाटतं टाइप करणाऱ्याची चूक.

खरी अक्षरं हवी असतील तर रेजेक्स नावाचं वेगळं मोड्यूल बसवून घ्यावं लागतं. पायथॉनसोबत येणाऱ्या आरई मोड्यूलला हे येत नाही. रेजेक्समधल्या एक्स या खुणेनं काना, मात्रा, वेलांटी आपापल्या अक्षराला चिकटून राहतात आणि अक्षरांची एक नेहमीची लिस्ट मिळते, मग तिच्यावर खुशाल इंडेक्स चालवा. "श्व" सारखी जोडाक्षरं मात्र तपासून बघा. आवृत्तीनुसार ती एकत्र येतात किंवा दोन तुकड्यांत फुटतात.

इंडेक्सनं घटक बदलता येतो का?

लिस्टमध्ये येतो. थांबे[५] = "ईश्वरपूर" केलं की पाटी बदलली. स्ट्रिंग आणि टपल (गोल कंसातली, न बदलणारी यादी) यांच्यात येत नाही, तिथं नवं बनवावं लागतं.

काढून टाकायचा असेल तर? लूपमध्येच काढू का?

डेल थांबे[१] नं घटक जातो. थांबे.पॉप(१) नं जातो आणि हातातही मिळतो. पुढचे सगळे घटक एकेक घर मागं सरकतात, उंब्रजचा इंडेक्स २ चा १ होतो.

लूपमध्ये काढू नका. फाइलमधून ["", "", "कराड"] असं आलं आणि फॉर लूप चालू असतानाच रिकामे घटक काढायला लागलात तर पहिला जातो, दुसरा सरकून पहिल्याच्या जागी येतो, लूप तोवर पुढच्या घराकडं गेलेला असतो. दुसरा रिकामा तसाच राहतो. पुन्हा एरर नाही. चांगले घटक वेचून नवी लिस्ट बनवा:

ओळी = [ओ फॉर ओ इन ओळी इफ ओ]

तक्त्यातली चौकट कशी गाठायची?

बाजार समितीच्या दरपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन रकाने असतात. हळदीच्या दोन दिवसांच्या दरांचा तक्ता करू, आकडे उदाहरणापुरते:

भाव = [[१२०००, १६०००, १४०००], [१२५००, १६५००, १४५००]]
भाव[१][२] → १४५००

आधी ओळ, मग रकाना. भाव[१, २] असं एकाच कंसात लिहिलं तर टाइपएरर येतो. तशी सोय नमपाय या वेगळ्या लायब्ररीच्या अ‍ॅरेत आहे, साध्या लिस्टमध्ये नाही.

रिकामा तक्ता बनवताना [[०] * ३] * २ हा छोटा रस्ता घेऊ नका. त्यात दोन ओळी दिसतात, पण ती एकच ओळ दोनदा दाखवलेली असते. भाव[०][०] बदललं की भाव[१][०] पण बदलतं. [[०] * ३ फॉर _ इन रेंज(२)] असं लिहा.

आणि असे दर फाइलमधून वाचताना ओळीचे स्वल्पविरामावर तुकडे करण्याचा मोह आवरा. "१४,५००" असा स्वल्पविराम असलेला आकडा अवतरणात आला की त्याचे दोन तुकडे होतात, पुढचे सगळे इंडेक्स एकनं सरकतात आणि कमाल दराच्या जागी भलतंच येतं. सीएसव्ही मोड्यूल पायथॉनसोबतच येतं, ते अवतरणातला स्वल्पविराम ओळखतं. तेच वापरा.

मुलांचे रोल नंबर १ पासून आहेत. ० चं घर रिकामं सोडून लिस्ट वापरू का?

काही जण सोडतात. मला आवडत नाही, कारण मग लेन एकनं जास्त येतं आणि सरासरी काढताना तो रिकामा घटक मध्ये तडमडतो. शिवाय कुणी शाळा सोडून गेलं की मधले नंबर गळतात. रोल नंबर ही ओळख आहे, अंतर नव्हे. ओळखीनं शोधायचं तर डिक्शनरी घ्या.

दुसऱ्या भाषांतही हे असंच असतं का?

० पासून सुरुवात जावास्क्रिप्ट, पर्ल, रुबी, पीएचपी, बॅश या सगळ्यांत आहे. लुआ, आर, ज्युलिया आणि मॅटलॅब १ पासून मोजतात. एकाच मुलाला कॉलेजात मॅटलॅब आणि घरी पायथॉन करावं लागलं तर त्याची दया करा.

हद्दीबाहेर गेल्यावर मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पायथॉन ओरडतो. जावास्क्रिप्ट अनडिफाइन्ड देऊन गप्प बसतं, रुबी निल देते, टीसीएलचं एलइंडेक्स रिकामा मजकूर देतं. जावास्क्रिप्टमध्ये [-१] लिहून शेवटचा घटक मिळत नाही, त्यासाठी २०२२ च्या आवृत्तीत अ‍ॅट(-१) आलं. सगळ्यात धोक्याचं आर. तिथं थांबे[-१] म्हणजे "पहिला सोडून बाकी सगळे". पायथॉनची सवय घेऊन तिकडं गेलात तर एका गावाऐवजी सात गावं घेऊन परत याल.

मुलाखतीत विचारतात: थांबे[८] = "मिरज" ला एरर येतो, मग थांबे[८:] = ["मिरज"] ला का येत नाही?

८ इंडेक्सला बदलण्यासारखं काही नाही, म्हणून पहिला इंडेक्सएरर देतो. दुसऱ्यात तुम्ही सांगलीच्या पलीकडच्या फटीत कापलंत. तिथं असलेली रिकामी जागा काढून तिच्या जागी एक घटकाची लिस्ट बसवायला सांगितलीत, आणि ते शक्य आहे. लिस्ट नऊची होते, मिरज शेवटी येतं. मुलाखतीत हे सांगा, नोकरीत शेवटी घटक जोडणारं अपेंड वापरा.